न दाखवलेली दृश्यं

फ्रिट्झ लांग या जर्मन दिग्दर्शकाच्या 'एम' (1931) या चित्रपटात सुरुवातीलाच एका लहान मुलीचा खून होतो आणि तो पडद्यावर कुठेच दिसत नाही. एल्सीची आई घरी कामं उरकता उरकता तिची वाट बघते आहे. जेवणाची वेळ झाली आहे, टेबलावर एल्सीचं ताट मांडून ठेवलेलं आहे. घड्याळ पुढे सरकतं. आई दारात येऊन हाक मारते. आपल्याला रिकामा जिना दिसतो. पुन्हा हाक. आता माळ्यावर वाळत घातलेले कपडे दिसतात, तिथेही कुणी नाही. पुन्हा हाक, आणि टेबलावरचं ते ताट. मग एका झुडपातून चेंडू घरंगळत येतो आणि थांबतो. खुन्याने तिला घेऊन दिलेला फुगा तारांमध्ये अडकतो, थोडा हेलकावतो आणि उडून जातो. संपलं. या चित्रपटानंतर पडद्यावर हजारो खून झाले, रक्ताचे पाट वाहिले; पण त्या चेंडूइतकं जिव्हारी लागणारं दृश्य मला फारसं आठवत नाही.

आवडत्या दिग्दर्शकांबद्दल बोलताना आपण सहसा त्यांनी काय दाखवलं हे सांगत बसतो. अमक्याच्या लढाया भव्य असतात, तमक्याची गाणी देखणी असतात, कुणाचे संवाद टाळ्या घेतात. ते सगळं खरंच असतं. पण मला जे दिग्दर्शक पुन्हा पुन्हा बघावेसे वाटतात, त्यांची यादी मनात घोळवताना एक गोष्ट वारंवार समोर येते. त्यांची मोठी ताकद काय गाळायचं हे ठरवण्यात आहे. कथेतला सगळ्यात मोठा प्रसंग, ज्यासाठी दुसरा दिग्दर्शक दहा दिवसांचं चित्रीकरण लावेल, तोच ही मंडळी वगळतात. ओझू, सत्यजित राय, ब्रेसाँ, किआरोस्तमी ही नावं एकमेकांपासून कितीही दूरची असली, तरी या एका बाबतीत एकाच घराण्याची आहेत.

हे चालतं कसं, याचा उलगडा शंभर वर्षांपूर्वी रशियात झाला. लेव्ह कुलेशॉव्ह हा तरुण दिग्दर्शक आणि शिक्षक संकलनाचे प्रयोग करत होता. त्याने एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा तुकडा घेतला आणि तोच तुकडा वेगवेगळ्या दृश्यांना जोडला. एकदा सुपाचा वाडगा, एकदा शवपेटी. प्रेक्षकांना एकाच चेहऱ्यावर एकदा भूक दिसली आणि एकदा शोक. नटाने काहीच केलं नव्हतं. मूळ फिल्म आज उपलब्ध नाही, पण तिने शिकवलेला धडा जगभरच्या चित्रपटशाळांत पहिल्या वर्षीच शिकवतात: दोन दृश्यांच्या मधल्या फटीत अर्थ तयार होतो आणि तो तयार करण्याचं काम प्रेक्षक करतो. लांगच्या चित्रपटात चेंडू आणि रिकामं ताट एवढंच आहे. मधला प्रसंग आपण रचतो. प्रत्येकाच्या मनातली सर्वांत भयंकर गोष्ट वेगळी असते, म्हणून कुठल्याही दिग्दर्शकाने चित्रित केलेल्या खुनापेक्षा आपण मनात रचलेला खून जास्त भयंकर ठरतो.

इथे एक गल्लत टाळायला हवी. न दाखवणं म्हणजे लपवणं नाही. रहस्यपटात खुनी कोण हे शेवटपर्यंत लपवलेलं असतं. एकदा उलगडा झाला की गंमत संपली, दुसऱ्यांदा बघताना हाताशी फारसं काही उरत नाही. हिचकॉकला हा फरक नेमका कळला होता. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या प्रसिद्ध मुलाखतींत त्याने टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं आहे. माणसं गप्पा मारताहेत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षक काही सेकंद दचकेल. टेबलाखाली बॉम्ब आहे आणि तो पंधरा मिनिटांनी फुटणार आहे हे त्याला आधीच सांगितलं, तर त्याच कंटाळवाण्या गप्पा तो पंधरा मिनिटं श्वास रोखून ऐकेल. म्हणजे माहिती द्यायची, हातचं राखायचं नाही. मी ज्या दिग्दर्शकांबद्दल लिहितो आहे, ते माहिती लपवत नाहीत. काय झालं ते आपल्याला पुरतं ठाऊक असतं. फक्त ते घडताना आपल्याला तिथे उभं केलेलं नसतं.

आणि नुसतं न दाखवणं म्हणजेही कला नाही. हिंदी चित्रपटांत वर्षानुवर्षं चुंबनाच्या जागी दोन फुलं एकमेकांवर डोलत. सेन्सॉरची भीती होती, समाजाची होती, तो भाग वेगळा. पण फुलं दिसली की प्रेक्षकाला विचार करण्याची गरजच उरत नसे. ती खूण ठरून गेली होती, कोशातल्या अर्थासारखी. मन कामाला लागलं नाही तर न दाखवण्याचा उपयोग शून्य. याउलट अर्न्स्ट लुबिच बघा. 'द मेरी विडो' (1934) मध्ये राजा राणीच्या शयनगृहातून बाहेर पडतो, पहाऱ्यावरचा देखणा अधिकारी आत शिरतो. कॅमेरा दाराबाहेरच थांबतो. राजाला आठवतं की आपली तलवार आणि पट्टा आतच राहिला. तो परत जातो, पट्टा घेऊन बाहेर येतो, कमरेला बांधू लागतो, आणि पट्टा त्याच्या पोटाला पुरत नाही. त्या क्षणी राजाला जे कळतं ते आपल्यालाही कळतं. एकही संवाद नाही. दारामागचं काहीच न दाखवता लुबिचने दारामागचं सगळं सांगितलं, आणि ते ओळखल्याचा आनंद आपल्या पदरात टाकला.

या लुबिचचा एक चाहता जपानमध्ये होता. यासुजिरो ओझू. माझ्या मते न दाखवण्याच्या कलेत त्याच्या जवळपास पोचणारा कुणी नाही.

ओझूचा जन्म 12 डिसेंबर 1903 चा आणि मृत्यू 12 डिसेंबर 1963 चा, बरोबर साठाव्या वाढदिवशी. शोचिकू या कंपनीत राहून त्याने पन्नासहून अधिक चित्रपट केले. त्याच्या उत्तरकाळातल्या बहुतेक चित्रपटांची कथा एका ओळीत सांगता येते: मुलीचं लग्न ठरवायचं आहे, किंवा म्हातारे आईबाप मुलांकडे आले आहेत. कॅमेरा जमिनीपासून फूट-दोन फुटांवर, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्याही जरा खाली. तो जवळपास हलतच नाही. एक दृश्य विरून त्यातून दुसरं उगवणं वगैरे तंत्रं त्याने सोडूनच दिली होती. दोन प्रसंगांच्या मध्ये तो एखादी रिकामी खोली, गल्ली, वाळत घातलेले कपडे, धूर ओकणारी धुराडी दाखवतो आणि पुढे जातो. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे फार संथ वाटतं. अर्ध्या तासाने मात्र लक्षात येतं की आपण खोलीतल्या माणसांकडे आता वेगळ्याच बारकाईने बघतो आहोत.

'लेट स्प्रिंग' (1949) मध्ये नोरिको ही मुलगी विधुर वडिलांसोबत राहते आहे. तिला लग्न करायचं नाही, वडिलांना सोडून जायचं नाही. आपल्यामुळे पोरीचं आयुष्य अडकू नये म्हणून वडील तिला सांगतात की मी दुसरं लग्न करणार आहे. ते धादांत खोटं असतं. नोरिकोला फार दुःख होतं, पण ती लग्नाला तयार होते. आता गंमत बघा. संपूर्ण चित्रपट ज्या लग्नाभोवती फिरतो ते लग्न आपल्याला दिसतच नाही. नवरा मुलगा एकदाही पडद्यावर येत नाही. तो गॅरी कूपरसारखा दिसतो एवढीच काय ती माहिती. नवरीच्या पोशाखात सजलेली नोरिको वडिलांना नमस्कार करते, खोलीतून बाहेर पडते, आणि पुढच्या दृश्यांत लग्न होऊन गेलेलं असतं. वडील नोरिकोच्या मैत्रिणीसोबत बसून दारू पिताहेत आणि तिच्यापाशी आपल्या खोटेपणाची कबुली देताहेत. मग ते एकटे घरी येतात, खुर्चीत बसून सफरचंद सोलू लागतात. हात थांबतो. मान खाली जाते.

आपल्याकडे लग्न म्हणजे चित्रपटाचा कळस. हजार माणसं, बँड, अक्षता, पाठवणीचं गाणं. ओझूने हे सगळं गाळलं, कारण त्याचा विषय लग्न नव्हताच. लग्नानंतर घरी परतणारा माणूस हा त्याचा विषय होता. लग्न दाखवलं असतं तर आपलं लक्ष नवरा मुलगा कसा आहे, समारंभ कसा झाला याकडे वळलं असतं. दिग्दर्शक एखादी गोष्ट गाळतो तेव्हा त्याच्या लेखी महत्त्वाचं काय आहे तेही आपल्याला कळतं, आणि ओझूच्या बाबतीत हे महत्त्वाचं काहीतरी नेहमी मागे राहिलेल्या माणसापाशी सापडतं.

'टोकियो स्टोरी' (1953) मध्ये हीच रीत त्याने फार पुढे नेली. ओनोमिची या बंदराच्या गावातलं म्हातारं जोडपं टोकियोला मुलांना भेटायला निघतं. सामान भरताना उशीची शोधाशोध होते, शेजारीण खिडकीतून डोकावून शुभेच्छा देते, आणि पुढच्या दृश्यात टोकियोची धुराडी. सबंध प्रवास गायब. मोठा मुलगा डॉक्टर, मुलगी केशकर्तनालय चालवते. दोघंही वाईट नाहीत, नुसते कामात आहेत. आईबापांची अडचण होऊ लागते तसं ती त्यांना अतामीच्या गरम झऱ्यांवर पाठवून देतात. खरी माया करते ती युद्धात मेलेल्या मुलाची विधवा, नोरिको. परतताना स्टेशनवर आई मुलांना म्हणते की आता सगळ्यांची भेट झाली, आमचं काही बरंवाईट झालं तर मुद्दाम यायची गरज नाही.

त्यानंतर आपण एकदम ओसाकाच्या रेल्वे कचेरीत असतो. तिथे नोकरी करणारा धाकटा मुलगा सहकाऱ्याला सांगतो की आईला गाडीत बरं वाटेना म्हणून दोघं मध्येच उतरली. आजारपणाची सुरुवात अशी, तिसऱ्याच माणसाला सांगितलेल्या एका वाक्यात. पुढे टोकियोला तार येते: आई अत्यवस्थ. डॉक्टर मुलगा आणि त्याची बहीण निघताना बोलतात की सुतकाचे कपडे सोबत घ्यावेत का. ती घेते. नोरिको आणत नाही. या एका तपशिलात दोन बायकांच्या मनाचा सगळा हिशेब आहे, आणि दिग्दर्शक त्यावर एका शब्दाचीही टिप्पणी करत नाही. आई बेशुद्ध आहे, पहाटेपर्यंत टिकणार नाही असं डॉक्टर मुलगा सांगतो. मग पहाटेचं बंदर दिसतं, धक्का, होड्या, रिकामा रस्ता. पुन्हा घरात येतो तेव्हा आईच्या चेहऱ्यावर पांढरं फडकं आहे. वडील खोलीत नाहीत. नोरिको त्यांना शोधत बाहेर जाते, तर ते उगवत्या सूर्याकडे बघत उभे असतात. पहाट फार सुंदर होती, आजही बरंच ऊन होणार, एवढंच ते बोलतात.

मृत्यू गाळला, आजारपण गाळलं, प्रवास गाळले. कुणी छाती पिटली नाही की शेवटचे शब्द उच्चारले नाहीत. कित्येकांना आपल्या आईबापांचा मृत्यूही असाच कळलेला असतो: फोनवर, दुसऱ्या गावी, मधलं बरंच काही न बघता. ओझूची गाळण्याची पद्धत आयुष्याच्या अनुभवाशी इतकी जुळते, म्हणून त्याचे चित्रपट जपानी घरांतले असूनही कोल्हापुरातल्या किंवा नागपुरातल्या माणसाला परके वाटत नाहीत. त्याच्या हयातीत हे चित्रपट परदेशी प्रेक्षकांना कळणार नाहीत, फारच जपानी आहेत, अशी समजूत होती. 2012 मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकाने जगभरच्या दिग्दर्शकांना सर्वश्रेष्ठ चित्रपट विचारला, तेव्हा त्यांच्या मतदानात 'टोकियो स्टोरी' पहिला आला.

सत्यजित राय यांच्याकडे हे गाळणं वेगळ्या वाटेने येतं. 'पथेर पांचाली' (1955) मध्ये थोरल्या मुलीचं, दुर्गाचं आजारपण आणि ती दगावते ती वादळाची रात्र आपण बघतो. राय काही झाकत नाहीत. पण वडील हरिहर परगावी असतात, त्यांना काहीच माहीत नाही. ते परततात, पडझड झालेलं घर बघतात, आणि मग उत्साहाने आणलेल्या वस्तू बायकोसमोर काढू लागतात: पोळपाट-लाटणं, लक्ष्मीची तसबीर, आणि दुर्गासाठी साडी. साडी हातात आल्यावर बायकोचा, सर्वजयाचा बांध फुटतो. सर्वजया झालेल्या करुणा बॅनर्जींचा चेहरा वेदनेने पिळवटतो, तोंड उघडतं, पण तिचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाईचा उंच, चिरत जाणारा सूर येतो. पंडित रविशंकरांचं संगीत या चित्रपटाला आहे, आणि त्यातली ही जागा मला सर्वांत मोठी वाटते. आईचा हंबरडा ऐकवला असता तर तो एका बाईचा हंबरडा झाला असता. आवाज काढून घेतल्यावर तो कुणाचाही होऊ शकतो.

याच चित्रपटात आणखी एक जागा आहे, जिचा उल्लेख कमी होतो. दुर्गावर शेजारच्या घरातली माळ चोरल्याचा आळ आलेला असतो आणि तिने तो नाकारलेला असतो. घर सोडण्याची आवराआवर चालू असताना तिच्या धाकट्या भावाला, अपूला एका करवंटीत ती माळ सापडते. तो धावत जाऊन ती तळ्यात फेकतो. पाण्यावरचं शेवाळ दुभंगतं आणि हळूहळू पुन्हा मिटतं. अपूला काय वाटलं, हे कुणी सांगत नाही. बहिणीची चोरी आता जगात फक्त त्याला ठाऊक आहे, आणि आपल्याला.

'चारुलता' (1964) चा शेवट तर थेट अर्ध्यावर थांबतो. दुरावलेला नवरा परत येतो, चारू त्याला आत बोलावत हात पुढे करते, तो हात पुढे करतो, आणि दोन हातांमध्ये थोडं अंतर असताना चित्र गोठतं. मग एकेक स्थिर चित्र: तिचा चेहरा, त्याचा चेहरा, दिवा घेतलेला नोकर. हात मिळाले का? राय सांगत नाहीत, आणि माझ्या मते तेच प्रामाणिक आहे. तुटलेला विश्वास सांधला गेला असं दाखवलं असतं तर ते खोटं वाटलं असतं, नाही सांधला म्हटलं असतं तर निष्ठुर.

रॉबेर ब्रेसाँबद्दल थोडक्यात. या फ्रेंच दिग्दर्शकाची श्रद्धा होती की आवाज जे काम करू शकतो, त्यासाठी चित्र खर्च करू नये. 'अ मॅन एस्केप्ड' (1956) हा तुरुंगातून पळण्याचा चित्रपट; पण तुरुंगाचा बराचसा भाग आपल्याला नुसता ऐकू येतो. पहारेकरी जिन्याच्या कठड्यावरून किल्ली घासत जातो तो आवाज, भिंतीवरची टकटक, दूरची आगगाडी. पळताना नायकाला एका पहारेकऱ्याला मारावं लागतं. तो भिंतीच्या कोपऱ्यामागे जातो, आणि कॅमेरा रिकाम्या भिंतीवर थांबून राहतो. थरारपटातला सर्वांत थरारक क्षण, आणि पडद्यावर नुसती भिंत.

इराणच्या अब्बास किआरोस्तमीने (1940–2016) प्रेक्षकावर जितका भरवसा टाकला तितका फार कमी जणांनी टाकला असेल. मुलांसाठी काम करणाऱ्या 'कानून' या संस्थेत त्याने चित्रपट करायला सुरुवात केली. 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाऊस' (1987) मध्ये कोकेर गावातला एक शाळकरी मुलगा चुकून मित्राची वही घरी आणतो आणि ती परत द्यायला शेजारच्या गावी धावतो. वहीत गृहपाठ नसेल तर मास्तर मित्राला शाळेतून काढणार असतात. घर सापडत नाही. चित्रपट एवढाच आहे, आणि तो बघताना मोठी माणसं खुर्चीच्या कडेवर येऊन बसतात.

1990 मध्ये त्या भागात प्रचंड भूकंप झाला, हजारो माणसं गेली. चित्रपटात काम केलेली दोन मुलं जिवंत आहेत का, हे बघायला किआरोस्तमी तिकडे गेला. त्या शोधावरून त्याने 'अँड लाइफ गोज ऑन' (1992) केला. त्यात एक दिग्दर्शक आपल्या लहान मुलाला घेऊन गाडीने उद्ध्वस्त गावांमधून फिरतो, विचारपूस करतो. आणि मुलं सापडल्याचं आपल्याला दिसत नाही. शेवटी त्याची छोटी गाडी एक उभा चढ चढण्याची धडपड करते, मागे घसरते, वाटेतल्या एका माणसाला घेऊन पुन्हा चढते. चित्रपट तिथे संपतो. हजारो मेलेल्या मुलांच्या प्रदेशात दोन मुलं सापडल्याचा आनंद साजरा करणं त्याला अप्रशस्त वाटलं असावं, असं मला ते बघताना वाटतं. पुढच्या 'थ्रू द ऑलिव्ह ट्रीज' (1994) मध्ये तीच दोन मुलं कुठलाही गाजावाजा न करता पडद्यावर येतात. ज्याला ठाऊक आहे तो ओळखतो.

त्याच चित्रपटाचा शेवट माझ्या फार आवडीचा. गरीब, निरक्षर गवंडी हुसेन एका मुलीला लग्नासाठी विनवत तिच्या मागे मागे चालतो. ती उत्तर देत नाही. दोघं टेकडी उतरून हिरव्या शेतात जातात आणि कॅमेरा वर टेकडीवरच थांबतो. दूरवर दोन पांढरे ठिपके. एक ठिपका दुसऱ्याला गाठतो. काही क्षण. मग एक ठिपका वळून धावत परत येऊ लागतो, आणि आनंदी संगीत सुरू होतं. ती काय म्हणाली? आपल्याला ऐकू येत नाही. इराणमधल्या सेन्सॉरच्या बंधनांत स्त्री-पुरुषांची जवळीक दाखवणं शक्यच नव्हतं, हे खरं. पण बंधनाचं रूपांतर त्याने सौजन्यात केलं: दोन माणसांच्या आयुष्यातला सर्वांत खासगी क्षण आहे, आपण जरा लांब उभे राहू.

एवढं म्हटल्यावर उलट बाजूही मांडायला हवी. दामले-फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम' (1936) मध्ये चमत्कार सरळ दाखवले आहेत, वैकुंठाचं विमानसुद्धा. काहीच गाळलेलं नाही, आणि तरीही तो भारतातल्या सर्वश्रेष्ठ चित्रपटांपैकी आहे. 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. ते चमत्कार खपतात कारण समोर गौरी या अभिनेत्रीने उभी केलेली तुकारामांची बायको जिजाई आहे, शेणामातीत हात घातलेली, म्हशीची काळजी करणारी, लेकरू आजारी पडल्यावर वहाण घेऊन विठ्ठलाला जाब विचारायला निघणारी. दाखवण्यातही निष्ठा असू शकते.

आणि काही गोष्टी न दाखवणं ही पळवाटही असते. जातीचा अपमान मराठी पडद्याने दशकानुदशकं जवळपास दाखवलाच नाही. म्हणून नागराज मंजुळेंनी 'फँड्री' (2013) मध्ये डुक्कर पकडण्याचा प्रसंग लांबलचक, पुन्हा पुन्हा, बघवेनासा होईपर्यंत दाखवला. सगळी शाळा बघते आहे, शाळकरी नायक जब्या लपतो आहे, बाप त्याला ओढून काढतो आहे. पकडलेलं डुक्कर काठीला बांधून नेताना मागच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, शाहू महाराजांची चित्रं आहेत. तिथे गाळणं अन्याय ठरला असता. गाळलं आहे ते अगदी शेवटचं: जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. तो कुणाला लागला, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

'सैराट' (2016) मध्ये त्यांनी याहून मोठं धाडस केलं. अजय-अतुल यांच्या संगीताने तो चित्रपट काठोकाठ भरलेला आहे. त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात 'झिंगाट' वाजलं नाही असा मांडव नसेल. शेवटी घरातून पळून जाऊन लग्न केलेल्या आर्चीच्या माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन घरी येतात, ती त्यांना चहा देते. पुढचं आपण बघत नाही. शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं लेकरू परत येतं, आत जातं, आईबाप रक्तात पडलेले बघतं आणि बाहेर पडतं. फरशीवर इवल्या पावलांचे लाल ठसे. आणि आवाज पूर्ण बंद. संगीत नाही, रडणंही नाही. जवळपास तीन तास सुरांत भिजलेल्या प्रेक्षकाच्या कानावरून सगळं काढून घेतलं.

आवाज काढून घेण्याची ही रीत मराठीला नवी नव्हती. व्ही. शांताराम यांनी प्रभातच्या 'कुंकू' (1937) मध्ये पार्श्वसंगीतच वापरलं नव्हतं. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेल्या नीराचं बंड कुठल्याही व्हायोलिनच्या आधाराशिवाय, घरातल्या-रस्त्यातल्या आवाजांच्या सोबतीने उभं राहतं. बोलपट येऊन जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती, आणि चित्रपट म्हटलं की गाणं-बजावणं आलंच असं सगळे धरून चालले होते, तेव्हाची ही गोष्ट आहे.

चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' (2014) याच वाटेवरचा सर्वांत कडक चित्रपट. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप आहे की त्यांचं गाणं ऐकून एका गटार सफाई कामगाराने आत्महत्या केली. तो कामगार आपल्याला कधीच दिसत नाही, त्याचा मृत्यूही नाही. साक्षीच्या पिंजऱ्यात त्याची विधवा येते आणि सपाट आवाजात सांगते की घाणीचा वास सोसावा म्हणून तो दारू पिऊन आत उतरायचा, झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे असं समजायचा. बस्स, एवढ्यावर तो माणूस आपल्या मनात उभा राहतो. कॅमेरा दूर, स्थिर, कुणाच्याही चेहऱ्याजवळ न जाणारा. अंतिम निकाल आपल्याला ऐकवलाच जात नाही. न्यायालयाला सुट्टी लागते, दिवे विझतात. वाटतं चित्रपट संपला. पण तो न्यायाधीशांच्या सहलीबरोबर पुढे चालू राहतो. निकाल गाळला आणि न्यायाधीशाची दुपारची डुलकी दाखवली. ही निवड म्हणजेच या दिग्दर्शकाचा निकाल आहे.

मोबाइलवर दीडपट वेगाने चित्रपट बघण्याची सवय आता अनेकांना लागली आहे. कथानक तेवढ्यात कळतंही. पण वर ज्या जागा सांगितल्या त्या सगळ्या रिकाम्या जागा आहेत: बंदर, शेवाळ, भिंत, दोन ठिपके. वेग वाढवला की पहिल्यांदा त्याच मरतात. एखादा आवडता चित्रपट पुन्हा लावाल तेव्हा तो संपल्यावर मनात एक यादी करून बघा: कथेत घडलेल्या कोणत्या गोष्टी पडद्यावर आल्याच नाहीत, आणि त्या तुम्ही कुठून बघितल्या? नव्याने सुरुवात करायची असेल तर 'टोकियो स्टोरी'ने करा. तो 136 मिनिटांचा आहे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि आईवडील जवळ राहत असतील तर त्यांनाही सोबत बसवा.